‘द हेटफुल एट’ सांगलीत पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या महिन्यात मार्केट यार्डाजवळ, एका मित्राच्या हळदीच्या गोडाऊनवर जो हॉल आहे तिथे, आम्ही पंचवीस-तीस जणांनी मिळून क्वेंटिन टॅरेंटिनोचा ‘द हेटफुल एट’ पाहिला. तेव्हापासून फोन थांबलेले नाहीत. काहींना आवडला, काहींचं डोकं दुखलं, दोघांनी तर ‘असलं काही परत दाखवू नका’ असं बजावलं. पण प्रश्न सगळ्यांचे साधारण तेच आहेत, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो. चित्रपट अजून पाहिला नसेल तर लिंकनच्या पत्राच्या प्रश्नापर्यंत वाचा आणि थांबा. पुढचं पाहिल्यावर वाचा.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून काही वर्षं झाली आहेत. वायोमिंगचा बर्फाळ मुलूख आणि मागून येणारं हिमवादळ. जॉन रूथ हा इनामावर गुन्हेगार पकडणारा माणूस डेझी डोमर्ग्यू नावाच्या बाईला स्वतःच्या मनगटाशी बेडीने जखडून, घोडागाडीतून रेड रॉक गावी फाशी द्यायला घेऊन चाललाय. तिच्या डोक्यावर दहा हजार डॉलरचं इनाम आहे. वाटेत दोघे भेटतात. एक मेजर मार्क्विस वॉरन, काळा माणूस, युद्धात उत्तरेकडून लढलेला, आता रूथचाच धंदा करणारा. दुसरा ख्रिस मॅनिक्स, दक्षिणेकडचा, ‘मी रेड रॉकचा नवा शेरीफ’ असं सांगणारा. वादळामुळे सगळे मिनी नावाच्या बाईच्या वाटेवरच्या ठाण्यावर थांबतात. तिथे चार परके पुरुष आधीच बसलेत आणि मिनीचा पत्ता नाही. कोणीतरी खोटं बोलतंय एवढं रूथच्या लगेच लक्षात येतं. बाकी सगळं त्या एका खोलीत.

किती लांब आहे? मध्यंतर असतं का?

२०१५ च्या नाताळात अमेरिकेत तो आधी ७० एमएमच्या, म्हणजे नेहमीपेक्षा रुंद फिल्मच्या, खास खेळांमध्ये लागला. तो अवतार १८७ मिनिटांचा. सुरुवातीला पडदा स्थिर ठेवून वाजणारं संगीत आणि मधे रीतसर मध्यंतर, हे त्यातच धरलेलं. नेहमीच्या थिएटरांत लागला तो १६८ मिनिटांच्या आसपास. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर तो वाढवून चार भागांतही आला. आम्ही १६८ मिनिटांचा पाहिला.

मध्यंतराबद्दल एक सूचना. चित्रपट सहा प्रकरणांत विभागलाय आणि चौथ्याच्या सुरुवातीला खुद्द दिग्दर्शकाचा आवाज येतो: आपण या लोकांना सोडून गेल्याला पंधराएक मिनिटं झाली, तेवढ्यात इथे काय घडलं ते सांगतो, अशा अर्थाचं. ते वाक्य मध्यंतराहून परतलेल्या प्रेक्षकासाठीच लिहिलेलं आहे. घरी बघणार असाल तर चहा तिसरं प्रकरण संपल्यावरच ठेवा. आम्ही तसंच केलं. पाच-सहा जण त्या चहानंतर वर आलेच नाहीत, हेही सांगून टाकतो.

पहिले दीड तास नुसतं बोलत बसतात. गोळी कधी सुटते?

दीड तास उलटून गेल्यावर. आणि सगळ्यात जास्त विचारला गेलेला हाच प्रश्न, म्हणून याला जास्त जागा देतो.

‘वेस्टर्न’ म्हटलं की आपल्याला घोडे, धूळ आणि भर दुपारी समोरासमोर उभी दोन माणसं अपेक्षित असतात. इथे घोडागाडीत अर्धा तास जातो, आणि त्या अर्ध्या तासात चार माणसं फक्त बोलतात. पण काय बोलतात ते बघा. तू कुठला, कुठल्या बाजूने लढलास, तुझा बाप कोण, तुझ्याकडे कागद आहे का, तुझं पिस्तूल आधी माझ्याकडे दे. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा चालतो ना, तसं हे बोलणं आहे. वरवर हवापाण्याच्या गप्पा, खाली प्रत्येकजण समोरच्याची किंमत चाचपतोय आणि स्वतःची झाकतोय. एकदा हे लक्षात आलं की कंटाळा येत नाही. उलट प्रत्येक वाक्यागणिक छातीवरचं ओझं वाढत जातं.

आणि ऐकणं आपल्याला नवीन कुठे आहे? ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी याच सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या पदरी ‘सीता स्वयंवर’ उभं केलं. गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. रात्र उजाडेपर्यंत चालणारी नाटकं आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिली. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली आलं आणि १९१० मध्ये इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. रंगमंचावरच्या मारामारीला सरकार घाबरलं नव्हतं. ते घाबरलं पात्रांच्या तोंडच्या शब्दांना, कारण कीचकाच्या जागी प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होता. भरल्या सभागृहात उच्चारलेलं वाक्य गोळीपेक्षा लांब जातं, हे आपल्या गावाला शंभर वर्षांपूर्वी माहीत होतं. म्हणून ‘नुसतं बोलतात’ ही तक्रार इथे ऐकली की मला मनापासून वाईट वाटतं.

आमच्या खेळात एक गोष्ट घडली ती सांगतो. तास झाला असेल. मागच्या बाजूला चुळबुळ सुरू होती, दोन-तीन मोबाईल उजळले होते. तेवढ्यात स्पीकरची वायर निघाली. चित्र चालू, आवाज बंद. जे मोबाईल बघत होते तेच आधी ओरडले, ‘आवाज! आवाज!’ वायर जोडेपर्यंत मिनिटभर गेलं असेल, पण त्या मिनिटात कोणी खाली बघितलं नाही. सगळे पडद्यावरच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होते. एकाने मागे घ्यायला लावलं. गेलेलं बोलणं त्यांना परत ऐकायचं होतं.

इंग्रजी फारसं कळत नाही. जमेल का?

खालची अक्षरं लावून बघा, जमेल. मॅनिक्सचे दक्षिणी उच्चार तर चांगलं इंग्रजी येणाऱ्यालाही पटकन कळत नाहीत. आम्ही सुरू करण्याआधी दहा मिनिटं पात्रांची नावं आणि यादवी युद्धाची ओळख करून दिली. तेवढ्याने बराच फरक पडला.

यादवी युद्धाचं काय माहीत असायला हवं?

१८६१ ते १८६५. दक्षिणेकडची राज्यं गुलामगिरी टिकवायला फुटून निघाली, उत्तरेने लढून त्यांना परत आणलं. युद्ध संपता संपता, एप्रिल १८६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांना गोळी घातली गेली. कायद्याने गुलामगिरी गेली, माणसांच्या डोक्यातून गेली नाही. मिनीच्या ठाण्यावर एका कोपऱ्यात शेकोटीपाशी दक्षिणेचा म्हातारा जनरल बसलाय आणि दुसरीकडे उत्तरेचा काळा मेजर. त्यांच्यामध्ये जी हवा आहे ती या चार वर्षांची आहे. दोघांत भांडण नको म्हणून खोलीची चक्क उत्तर-दक्षिण अशी वाटणी होते, हे लक्षात ठेवा.

एका खोलीत घडणाऱ्या गोष्टीला ७० एमएम कशाला?

छायाचित्रकार रॉबर्ट रिचर्डसन यांनी तो अल्ट्रा पॅनाव्हिजन ७० या पद्धतीने चित्रित केला. चित्राची रुंदी उंचीच्या पावणेतीन पट. ही पद्धत १९६६ नंतर कोणी वापरली नव्हती. ‘बेन-हर’च्या रथांच्या शर्यतीच्या काळातली भिंगं शोधून काढून पुन्हा कॅमेऱ्यावर चढवली. डोंगर आणि बर्फासाठी हे समजतं, पण खरी गंमत खोलीत आहे. चौकट एवढी रुंद की पुढे दोन माणसं बोलत असताना मागे तिसरा काय करतोय, चौथा कुठे हात घालतोय, सगळं दिसत राहतं. नाटकाचा रंगमंच असाच असतो, कुणाकडे बघायचं ते आपलं आपण ठरवायचं. म्हणून हा मोबाईलवर पाहू नका, ही हात जोडून विनंती. आम्ही पांढऱ्या भिंतीवर जमेल तेवढा मोठा लावला होता, तरी मोठ्या पडद्याची हळहळ राहिलीच.

श्वासाची वाफ दिसते तीही खरी आहे. आतलं सेट मुद्दाम गोठवणारं थंड ठेवलं होतं.

संगीत कोणाचं?

एन्नियो मोरिकोने. वेस्टर्न चित्रपटांच्या संगीताला ज्यांनी चेहरा दिला ते. या चित्रपटासाठी त्यांना २०१६ मध्ये ऑस्कर मिळालं तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. सन्मानाचं ऑस्कर आधी मिळालं होतं, स्पर्धेतलं हे पहिलंच. सुरुवातीला बर्फातला लाकडी क्रूस दिसतो आणि खालून बसूनचा खर्ज सरकत येतो, तो ऐका. बसून हे मोठं लाकडी सुषिर वाद्य आहे. आमच्याकडे सनई वाजवणारे एक गृहस्थ होते, ते त्या सुरावर डोळे मिटून बसले ते नावं संपेपर्यंत उघडलेच नाहीत.

गिटार खरंच फोडली का?

हो. आणि हा प्रश्न मिरजेहून आला, तेव्हा नीट उत्तर देतो.

डेझी गिटारवर एक जुनं गाणं म्हणते, रूथ तिच्या हातातून गिटार हिसकावतो आणि खांबावर आपटून तिचे तुकडे करतो. ती मार्टिन कंपनीची १८७० च्या दशकातली गिटार होती, कंपनीच्या संग्रहालयाने उसनी दिलेली. ठरलं असं होतं की तोडायच्या क्षणी चित्रीकरण थांबवून नकली गिटार हातात द्यायची. रूथ झालेल्या कर्ट रसेलपर्यंत ते पोचलंच नाही. त्याने खरी फोडली. जेनिफर जेसन लीची जी किंकाळी आहे, आणि ती कॅमेऱ्याच्या दिशेने जे घाबरून बघते, ते अभिनय नाही.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ज्यांचं आयुष्य गेलं असे एक वयस्कर गृहस्थ आमच्यात होते. भोपळा पिकवणारा वेगळा, तो वाळवून जपणारा वेगळा, मग दांडी, मग जवारी. एका तंबोऱ्यामागे किती हात असतात ते त्यांना ठाऊक. पुढे पडद्यावर माणसं मेली तेव्हा ते शांत होते. गिटार फुटली तेव्हा मात्र उभे राहिले आणि ‘अरे अरे अरे’ म्हणाले. खरी होती हे त्यांना नंतर सांगितलं. ते म्हणाले, ‘ते सांगायला नको. लाकडाचा आवाज कळतो.’

लिंकनचं पत्र खरं की खोटं?

इथून पुढे कथा उघडी पडते.

खोटं. वॉरनच्या खिशात एक पत्र आहे, म्हणे युद्धाच्या दिवसांत खुद्द लिंकननी त्याला लिहिलेलं. घोडागाडीत रूथ ते भक्तिभावाने वाचतो. राकट माणूस, डोळे ओले होतात. पुढे मॅनिक्स ते हसण्यावारी नेतो आणि वॉरन शांतपणे कबूल करतो की मीच रचलंय. कारण सांगतो तेही ऐकून ठेवा: गोरी माणसं जवळ आहेत आणि त्यांनी हत्यार खाली ठेवलंय, तेव्हाच काळा माणूस सुरक्षित असतो, आणि हे पत्र त्यांना हत्यार खाली ठेवायला लावतं. त्या पत्रानेच त्याला गाडीत जागा मिळवून दिली होती. रूथचा चेहरा त्या वेळी बघा. फसवलं गेल्याचा राग कमी आणि दुःख जास्त आहे.

अगदी शेवटी दोघेच उरतात, वॉरन आणि मॅनिक्स, रक्ताच्या थारोळ्यात, मरायला टेकलेले. मॅनिक्स ते पत्र मागून घेतो आणि मोठ्याने वाचतो. खोटं आहे हे माहीत असून वाचतो. पत्राच्या शेवटी लिंकनची बायको त्यांना झोपायला बोलावतेय असा एक साधा घरगुती तपशील आहे. तो छान जमलाय, अशी दाद एक मरणारा माणूस दुसऱ्या मरणाऱ्याला देतो. मग पत्र चुरगाळून टाकतो.

माझ्या मते अख्खा चित्रपट या पत्रासाठी आहे. जन्मभर एकमेकांचा द्वेष केलेली दोन माणसं एकत्र येतात ती एका बनावट कागदाच्या सुंदर भाषेपाशी. ज्या देशाची त्या पत्रात ग्वाही आहे तो देश खरा नाही, तरी दोघांना तो ऐकावासा वाटतो. हे मला फार खोल वाटलं. पहिल्या तासात गाडीतलं बोलणं ज्यांनी कान देऊन ऐकलं त्यांनाच शेवटचं वाचन लागतं. मध्यंतरात निघून गेलेल्यांचं खरं नुकसान इथे झालं.

हिंसा किती आहे? मुलांना दाखवावा का?

मुलांना अजिबात नाही. अमेरिकेतही त्याला ‘आर’ दर्जा होता, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना मोठ्यांशिवाय प्रवेश नाही.

दुसऱ्या भागात विषबाधा आहे, त्यात दोन माणसं रक्त ओकत मरतात. एकाचं डोकं गोळीने फुटतं. तोडलेला हात आहे, फाशी आहे. शिवाय तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी वॉरन म्हाताऱ्या जनरलला त्याच्या मुलाबद्दल जी हकिगत ऐकवतो ती रक्ताहून भयंकर आहे. ती खरी की जनरलला पिस्तुलाकडे हात न्यायला लावण्यासाठी रचलेली, हे चित्रपट सांगत नाही. मी ती रचलेली मानतो, कारण पत्र रचणारा माणूस गोष्टही रचू शकतो. माझी बहीण ती खरी मानते. जेवताना आमचं यावर अजून वाजतं.

डेझीला एवढं मारतात आणि लोक हसतात. हे कसं बघायचं?

हा प्रश्न बहुतेक बायकांनी विचारला आणि तो रास्त आहे.

पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच रूथ तिच्या नाकावर कोपर मारतो. तिचा डोळा आधीच काळानिळा आहे. पुढे तिचा चेहरा आधी स्वतःच्या रक्ताने, मग इतरांच्या रक्ताने माखत जातो. आमच्या हॉलमध्ये पहिल्या फटक्याला चार-पाच पुरुष हसले. दुसऱ्याला दोघे. मग कोणी नाही. पुढच्या ओळीतल्या एका मावशींनी मागे वळून बघितलं होतं, बोलल्या काही नाहीत.

डेझी खुनी टोळीतली आहे, क्रूर आहे, ‘बिचारी’ म्हणून तिच्याकडे बघता येत नाही. जेनिफर जेसन लीने ती इतक्या ताकदीने उभी केली की तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. रूथ तिला मारतो ते त्याच्या लेखी ती माल आहे म्हणून, हेही दिग्दर्शक दाखवतो. इतकं मला पटतं. पण शेवटची तिची फाशी कॅमेरा ज्या चवीने दाखवतो, जितका वेळ दाखवतो, ते मला मान्य नाही. दोन पुरुषांचा समेट एका बाईच्या लटकत्या देहाखाली होतो, आणि चित्रपट त्याकडे पुरेशा जबाबदारीने बघत नाही. पत्राचं वाचन मला जितकं आवडलं तितकंच हे खुपलं, आणि दोन्ही एकाच प्रसंगात आहेत. हा चित्रपट मला आवडतो, तरी यावर मी पांघरूण घालणार नाही.

काळ्या माणसासाठीची ती शिवी वारंवार ऐकू येते, त्याबद्दलही विचारणा झाली. त्या काळात तोंडात ती होतीच, हे खरं. पण आपल्याकडे जातीवरून दिलेली हाक ज्याने ऐकली आहे त्याला ती दर वेळी टोचते. आमच्यातल्या एका मुलाने सांगितलं, ‘मला भाषांतर लागलं नाही.’

दार खिळे ठोकून का बंद करतात?

कडी तुटलेली आहे. आत येणाऱ्या प्रत्येकाला दार लाथेने उघडावं लागतं आणि आतून दोन फळ्या ठोकून बंद करावं लागतं, नाहीतर वादळ आत. दर वेळी सगळे ओरडून तेच सांगतात.

यावर गावभागातल्या एका आजींचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळीच ४५ फूट. आजी वरच्या मजल्यावर तीन बिऱ्हाडांसोबत अडकल्या होत्या. त्यातल्या एका घराशी त्यांचा वीस वर्षांचा अबोला. त्या म्हणाल्या, ‘बाहेर पाणी होतं म्हणून आत बोलावं लागलं. ह्यांच्यासारखंच. फक्त आमच्यात कोणी मेलं नाही.’ दोन घरं पूर ओसरल्यावरही बोलत राहिली.

परत दाखवणार का?

विचारणारे पुरेसे झाले तर हो. पावसाळ्यानंतर.

दुसऱ्यांदा पाहिला तर काय बघावं?

पाचव्या प्रकरणात सकाळी काय घडलं ते कळतं. मिनी, तिची माणसं, काउंटरवरच्या बरण्या, हसणं-खिदळणं, आणि मग ती टोळी. ते माहीत असताना परत पाहिलं की पहिला भाग वेगळाच दिसतो. जमिनीच्या फळ्यांत अडकलेली एक खायची लाल गोळी आणि फळीवरची एका बरणीची रिकामी जागा वॉरन टिपतो. जनरल ज्या खुर्चीत बसलाय ती त्याची नाही. रश्शाची चव मिनीच्या हातची आहे, मग मिनी कशी नाही? कॉफीच्या किटलीपाशी कोण जातं ते फक्त डेझीने पाहिलंय, आणि त्यानंतर ती गाते ते कोणाला उद्देशून, तेही लक्ष देऊन ऐका.

आणि तळघर. फळ्यांखाली एक माणूस पूर्ण वेळ दडून बसलेला आहे, हे आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं. एका माणसाला सोडून. हरिपूरच्या एका काकांच्या घरी पूर्वी हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, होती, लहानपणी ते त्यांच्या तोंडांवरून खेळलेले. मध्यंतरात चहाचा कप हातात धरून ते मला म्हणाले होते, ‘खाली पोकळ हाय बघ. पाय वाजतोय.’ मी मान हलवली आणि विसरलो. परवा घरी पुन्हा लावला, तेव्हा दिवे मालवून, अक्षरं बंद करून, फक्त बुटांचे आवाज ऐकत बसलो.